उपरण्याखालचा हात

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. जुन्या जिल्ह्याच्या पाट्या अजून निम्म्या कचेऱ्यांवर तशाच होत्या. नव्या जिल्ह्याला माणसं कमी पडत होती, म्हणून माझ्यासारख्याची वर्णी लागली. मुखेडकडच्या आमच्या गावात, बौद्ध वस्तीतून सरकारी नोकरीला लागलेला मी पहिला. नोकरी कारकुनाची, आणि तीही तात्पुरती. वर्षभर काम पाहून मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ठरणार होतं. त्यातले दहा महिने मी इतक्या जपून काढले होते की कचेरीतली टाचणीसुद्धा घेताना विचारून घ्यायचो. सोबतचे कारकून हसायचे. त्यांच्या घरी नोकऱ्या पिढीजात होत्या, त्यांना हसायला काय जात होतं?

त्यात दुष्काळ पडला. ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि उभ्या उभ्या करपली. दाण्याची आशा तर सुटलीच, पण कडबाही हाती लागला नाही. लोक घरावरचं जुनं गवत काढून बैलांपुढं टाकायला लागले. मग वरून हुकूम आला, की जिल्ह्यातून चारा बाहेर जाऊ द्यायचा नाही. कर्नाटकाकडं जाणाऱ्या एका रस्त्यावर, सीमेलगतच्या गावाबाहेर चाऱ्याचा नाका उघडला आणि तिथं मला बसवलं. नाका म्हणजे डांबराची दोन रिकामी पिंपं, त्यांवर आडवा बांबू, एक टेबल, एक हवालदार आणि मी. सावलीला एक लिंब होता, तोही निम्मा वाळलेला.

निघताना तहसीलदारसाहेबांनी मला समोर उभं केलं. म्हणाले, "एक पेंढी जरी पलीकडं गेली, तर तुझा कायम होण्याचा कागद मी सहीला घेणार नाही. कळलं?"

कळलं नसेल तर नवल. ते वाक्य मी झोपेतसुद्धा ऐकायचो.

गावात एक खोली भाड्यानं घेतली होती. आई जाऊन वर्ष झालं होतं, म्हणून वडील माझ्याकडंच राहायला होते. ते रोज दुपारी भाकरी बांधून नाक्यावर यायचे आणि मग घरी न जाता लिंबाखाली बसून राहायचे. त्यांना रस्ता बघायला आवडायचा. जन्मभर त्यांनी रस्ताच तुडवला होता. बाजारात हेडी, म्हणजे गुरांचे व्यापारी, जनावरं विकत घ्यायचे आणि ती या बाजारातून त्या बाजाराला पायी हाकत न्यायचं काम वडील करायचे. मुखेडहून देगलूर, देगलूरहून उदगीर, तिथून पलीकडं बिदरच्या बाजूला. राज्य कुठं संपतं आणि दुसरं कुठं लागतं, हे त्यांनी कधी विचारलं नसावं. पाणी कुठं आहे तेवढं त्यांना पाठ होतं.

नाक्याला आठ-दहा दिवस झाले असतील. एका सकाळी आप्पा आले.

त्यांना सगळा इलाखा आप्पाच म्हणायचा. आडतीचं मोठं दुकान, गुळाचा आणि कडब्याचा व्यापार, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, खांद्यावर पांढरं उपरणं. सीमेच्या दोन्ही बाजूंना त्यांचे ग्राहक होते आणि दोन्ही बाजूंना सोयरे. पलीकडचा गूळ ते इकडं आणायचे, इकडचा कडबा तिकडं न्यायचे, आणि जाताना दोन्हीकडच्या लग्नांची बोलणी करून यायचे. मी उठून उभा राहिलो. उठायला नको होतं, मी ड्यूटीवर होतो. पण पाय उठले.

आप्पा टेबलापुढच्या बाकड्यावर टेकले आणि म्हणाले, "साहेब, ह्या रस्त्यानं माझा आजा गेला, बाप गेला. आजा बिदर जिल्ह्यातला, बाप उस्मानाबादचा, आन् मी आता लातूरचा झालो. घर मात्र तितंच हाय. एक दगड हलला न्हाई."

"हुकूम आहे, आप्पा," मी म्हणालो.

"हुकमाला कोण न्हाई म्हणतंय? लेक दिलीय मी पलीकडं. हितून दोन कोसांवर. तिच्या दावणीला आठ जनावरं हाईत आन् घरात चिपाड न्हाई. मी कडबा घेतलाय भोकरकडचा. तिकडं थोडाफार पिकलाय. तुमच्या जिल्ह्याची काडी बी न्हाई त्यात."

"कुठलाही असो. इथून बाहेर जाता येणार नाही."

आप्पा हसले. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, टेबलावर असलेल्या माझ्या उजव्या हातावर टाकलं, आणि त्याखाली आपला हात घातला.

गुरांच्या बाजारात सौदा असाच होतो. भोवती शंभर कान असतात, म्हणून भाव तोंडानं बोलायचा नाही. घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं कापडाखाली हात धरायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. पटलं नाही तर हात झटकून काढायचा. हात तसाच राहिला, की सौदा पटला. मग वर तोंडानं कुणी काहीही बोलो, हात दिला म्हणजे दिला. मी हे लहानपणापासून बघत आलो होतो, पण लांबून. वडील हेड्यांची गुरं धरून बाजाराच्या कडेला उभे असायचे आणि मी त्यांच्या पायाशी. आत, त्या उपरण्यांच्या घोळक्यात, आमचं काही काम नसायचं.

आप्पांचा हात ऊबदार होता, मऊ होता. त्यांनी माझं एक बोट दाबलं, मग दुसरं, मग तिसरं.

मी हात काढायला हवा होता. ते मला त्या क्षणीसुद्धा कळत होतं. पण आमच्या गावात किराणा दुकानदार साखरेची पुडी फळीवर ठेवायचा आणि आम्ही ती फळीवरून उचलायची, अशी रीत. आमचे पैसेही फळीवर. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात अशा व्यापारी पेठेतल्या माणसानं आपणहून माझा हात हातात घेण्याची ही पहिली वेळ होती. मला खरं सांगायला आता लाज वाटत नाही. मला बरं वाटलं. मी तो हात तसाच राहू दिला, दोन-तीन श्वास, कदाचित जास्तच. मनात आलं, असं असतं तर हे.

आप्पांनी समाधानानं मान हलवली, उपरणं उचलून झटकलं, खांद्यावर टाकलं आणि निघून गेले.

दुपारी वडिलांनी माझ्यापुढं भाकरी ठेवली. ते त्या सकाळी लवकर आले होते आणि लिंबाखालून त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"बोटं किती दाबली?" त्यांनी एकदम विचारलं.

"तीन."

"हात काढलास?"

मी भाकरी मोडत राहिलो.

"न्हाई काढलास. मी बघून राहिलो होतो की. म्हंजे सौदा झाला." त्यांनी कांदा फोडला. "तीन गाड्या येतील उद्या. न्हाई तर तीनशे रुपये. न्हाई तर दोनी."

"मी काही कबूल केलेलं नाही, बा. मी तोंडानं चक्क नाही म्हणालो."

"तोंडाला कोण इचारतंय?"

शिकून सवरून, नेमणुकीचा कागद पेटीत ठेवून, मी बाजारातली सगळ्यात अडाणी चूक केली होती. कुठल्याही हेड्याचं दहा वर्षांचं पोरसुद्धा ती करत नाही. मला माझाच इतका राग आला की मी उरलेली भाकरी कुत्र्याला टाकली, आणि दुष्काळात भाकरी टाकली म्हणून वडील माझ्यावर चिडले ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत तीन ट्रक आले. कडबा इतका रचलेला, की लिंबाच्या फांद्यांना घासत होता. पुढच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी आप्पा. खाली उतरून त्यांनी मला प्रेमानं हात जोडले आणि हवालदाराला बांबू उचलायची खूण केली. हवालदारानं माझ्याकडं पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "बांबू उचलायचा नाही."

आप्पांना आधी ते कळलंच नाही. मग कळलं, तसा त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं ते ओरडतील, कुणा मोठ्या माणसाचं नाव सांगतील. त्याची मी तयारी केली होती. पण ते माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, तुम्ही हात दिला होता."

"आप्पा, माझी चूक झाली. मला तसं म्हणायचं नव्हतं."

"चूक?" त्यांना तो शब्द कुठं ठेवावा ते समजेना. "चाळीस वर्स धंदा करून राहिलो. कानडी, तेलगू, मुसलमान, मारवाडी, सगळ्यांशी हात धरला. दिलेला हात कुणी मागं घेतला न्हाई."

बोलता बोलता त्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. मी ते बोटानं त्यांच्याकडं सरकवलं. वडिलांनी सांगितलेलं 'दोन्ही' खरं ठरलं होतं.

आप्पांनी ते उचललं, खिशात घातलं, आणि जाऊन पहिल्या ट्रकच्या सावलीला बसले. "मी माघारी जाणार न्हाई," ते म्हणाले. "उद्या तुमचे तहसीलदार फेरीला यायचेत ना? त्यांना सांगन. काल काय झालं ते जसंच्या तसं सांगन. एक अक्षर खोटं बोलणार न्हाई. हवालदारानं बी बघितलंय."

हवालदार दुसरीकडं बघायला लागला. तो वाईट माणूस नव्हता. पेन्शनीला आला होता, आणि त्याला कुठल्याच कागदावर आपलं नाव नको होतं.

झालं. बांबू उचलला तर नोकरी जाणार, आणि नाही उचलला तर आप्पा खरं तेच सांगणार, आणि खऱ्यानंच नोकरी जाणार. कारकुनानं उपरण्याखाली व्यापाऱ्याचा हात धरला, हे ऐकल्यावर पुढचं कोण ऐकून घेतो? त्यातून कारकून आमच्यातला. 'मिळालं की लागले खायला,' हे वाक्य कचेरीत कोण कोण म्हणेल, त्यांचे चेहरेसुद्धा मला दिसायला लागले.

दिवसभर ट्रक उभे होते. ऊन असं, की टेबलावर कोपर टेकवत नव्हतं. बातमी दोन्ही बाजूंना गेली. इकडच्या गावातली माणसं येऊन कडब्याकडं बघत उभी राहायची, एखादी काडी खाली पडली तर पोरं उचलून पळायची. काही जण मला ऐकू जाईल असं बोलत होते. "हात दिऊन फिरला म्हणं." "नवीन हाय, त्याला काय ठावं बाजार." ड्रायव्हर बिड्या ओढायला लागले, तसा वडिलांनी उठून त्यांना कडब्यापासून लांब पिटाळलं. आप्पांनी डबा आणवला होता, पण उघडला नाही. मीही जेवलो नाही. आम्ही दोघं वीस पावलांवर, एकमेकांकडं न बघता, हट्टाला पेटल्यासारखे बसून होतो. खरं तर मला त्यांचा राग यायला हवा होता. येत नव्हता. लेकीच्या घरी बापानं वैरण पाठवायची, यात गुन्हा कुठं होता? आणि तरी मी त्यांच्यावर पूर्ण विश्वासही ठेवत नव्हतो. संध्याकाळी वडील म्हणाले, "एक गाडी लेकीची, दोन धंद्याच्या. पलीकडं भाव डबल हाय. धंदेवाला माणूस नुसता लेकीसाठी गाडी जुपत न्हाई. पर लेकीची बी हाय, हे खरं."

ड्रायव्हर ट्रकखालीच झोपले. आप्पा घरी गेले नाहीत.

दुसऱ्या सकाळी पलीकडून धूळ उठली. मला वाटलं जीप आली. पण जीप इकडच्या बाजूनं यायची होती. धूळ जवळ आली तशा घंटा ऐकू यायला लागल्या. तुरळक, थकलेल्या. पलीकडच्या गावाची गुरं होती ती, चाळीस-पन्नास तरी. पुढं आप्पांची लेक आणि तिचे सासरे. रात्री बैल बसला, तो चौघांनी धरून उठवला आणि तसाच चालवत आणला, असं सासरे कानडीमिश्रित मराठीत हवालदाराला सांगत होते. कडबा नाक्यावर अडलाय हे ऐकून सगळं गावच निघालं होतं.

लेक बांबूला पोट लावून उभी राहिली. वीस-बावीस वर्षांची असेल. डोक्यावरचा पदर धुळीनं भरलेला. "आप्पा," ती म्हणाली, "तांबड्या बैलाच्या डोळ्यांत पाणी येऊन राहिलंय. मला बघवंना."

आप्पा बांबूच्या अलीकडं, ती पलीकडं. मध्ये एक बांबू. आणि तो बांबू मी होतो.

गुरांना कडब्याचा वास गेला. मागची पुढं ढकलायला लागली. एका गाईचं शिंग बांबूला लागलं आणि पिंप डुगडुगलं. हवालदारानं काठी सरळ धरली. पलीकडची दहा-बारा तरणी पोरं पुढं आली. त्यांच्या हातात काही नव्हतं, पण त्यांच्या नजरा मला आवडल्या नाहीत. कुणीतरी कानडीत काही बोललं आणि सगळे थांबले, तेही मला आवडलं नाही. इकडच्या बाजूलाही माणसं जमली होती, आणि ती म्हणत होती, की हा कडबा जाता कामा नये, आमची जनावरं काय मेलेली आहेत का? मी टेबलाचा काठ घट्ट धरला होता. नोकरी वाचवायची तर हालायचं नाही एवढंच मला ठाऊक होतं, आणि न हालता इथं डोकी फुटणार हेही दिसत होतं.

तेव्हा वडील लिंबाखालून उठले.

"साहेब," ते मला म्हणाले. चारचौघांत ते मला साहेब म्हणायचे. मला ते आवडायचं नाही, आणि मी ते कधी थांबवलंही नाही. "त्या हुकमात काय काय लिवलंय? वाचा बरं."

"आत्ता, बा?"

"वाचा की."

मी खणातून हुकूम काढला आणि मोठ्यानं वाचला. कडबा, गवत, कुट्टी, भुसा, पेंड, उसाचे वाढे, हिरवी व वाळलेली सर्व प्रकारची वैरण, वाहनाने, बैलगाडीने अथवा डोक्यावरून जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई.

"जनावर लिवलंय का?"

मी पुन्हा वाचलं. "नाही."

"भाईरून आत यायचं लिवलंय का?"

"नाही."

"मग चारा हितंच ऱ्हाऊ द्या," वडील म्हणाले. "त्याला पाय न्हाईत. जनावराला हाईत."

लेकीचे सासरे "हौद्री, हौद्री", बरोबर आहे, म्हणत मान हलवायला लागले. मी तो कागद तिसऱ्यांदा वाचला. कुठं काही निसटलंय का ते बघत होतो. निसटलं नव्हतं.

आप्पा उठून वडिलांकडं आले. "माझ्या लेकीची आठ आत सोडा," ते म्हणाले. "त्यांना घालू हितंच, रोज घालू. बाकीच्या गावाचं मी काय करू? दोन गाड्या इकायच्यात माझ्या."

"आप्पा, भुकेल्या जनावराला लेकीचं आन् लोकाचं कळत न्हाई. सोडली तर सगळीच येतील. न्हाई तर एक बी न्हाई. बोला."

आप्पांनी लेकीकडं पाहिलं. ती बापाकडं बघत नव्हती. तिनं त्या तांबड्या बैलाचा कान हातात धरला होता. आप्पांच्या गालाची शीर हालली. मी व्यापाऱ्याचा चेहरा इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. त्यात हिशेब चालला होता आणि बाप चालला होता, दोन्ही मला दिसत होते.

"सोडा," ते म्हणाले.

मी स्वतः बांबू उचलला. त्याचं वजन काहीच नव्हतं.

पुढचे दोन तास वडिलांचे होते. सत्तरीचा माणूस, पण आवाज असा लागला की ड्रायव्हर, हवालदार, ती तरणी पोरं, सगळे त्यांच्या हुकमात. एकदम पोटभर घालू नका, उपाशी जनावर फुगून मरतं. आधी मूठ मूठ. दहा आत, दहा भाईर. गाभण गाया पयल्या. शिंगाळू बैल बाजूला धर, अरे तू न्हाई, तू! ते कुणाला नाव विचारत नव्हते, जनावराच्या रंगावरून मालकाला हाक मारत होते. इकडच्या गावातली माणसं कुरकुरत होती, त्यांनाही वडील म्हणाले, "तुमची बी आना की. आप्पाचा कडबा हाय, सरकारचा न्हाई." मग तीही गेली आणि आपापली गुरं घेऊन आली. आप्पा आधी ट्रकवर उभे राहून किती पेंढ्या उतरल्या ते बघत होते. नंतर त्यांनी बघणं सोडलं आणि स्वतःच पेंढ्या फेकायला लागले. लेकीचा तांबडा बैल पहिली काडी नुसती तोंडात धरून उभा राहिला. मग चावायला लागला. ती तिथंच जमिनीवर बसली आणि रडली.

जीप आली तेव्हा अर्ध्याहून जास्त कडबा खाली उतरला होता.

तहसीलदारसाहेब उतरले. रस्त्यावर पसरलेली ती गुरं, ते चिपाड, तो उघडा नाका बघून त्यांचा चेहरा लालबुंद झाला. ते सरळ माझ्याकडं आले.

"काय चाललंय हे? किती माल गेला बाहेर?"

"एक पेंढी नाही, साहेब."

"आणि ही जनावरं? ही कुठली?"

"काही इकडची, काही तिकडची. जनावराला बंदी नाही, साहेब. हुकमात लिहिलेलं नाही." मी कागद पुढं केला.

त्यांनी तो घेतला नाही. आप्पांकडं वळले. "आप्पा, तुमचा माल दिसतो हा. काय भानगड आहे?"

आता, मी मनात म्हणालो. आता सांगणार. उपरणं, तीन बोटं, सगळं. मी जमिनीकडं बघत होतो. माझ्या चपलेजवळ कडब्याचं एक पान पडलं होतं.

आप्पांनी घाम पुसला. "भानगड कशाची, साहेब? मी न्यायला बघत होतो, खोटं कशाला बोलू. पर तुमच्या ह्या माणसानं दोन दिवस मला उन्हात बसवलं. एक काडी जाऊ दिली न्हाई. लई कडक माणूस."

तहसीलदारसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, गुरांकडं पाहिलं, आणि मग हुकूम माझ्या हातातून घेऊन वाचला. वाचून घडी घातली. "उद्यापासून असली जत्रा भरली तर बघ," ते म्हणाले. जीपमध्ये बसताना थांबले आणि म्हणाले, "तुझा कागद या महिन्यात पाठवतो. जेवलास का काही? तोंड बघ कसं झालंय."

जीप गेली. मी पिंपावर टेकलो. ओरडावंसं वाटत होतं. नोकरी राहिली होती. आता ती माझी होती. आप्पांकडं बघितलं तर ते लेकीशी बोलत होते, आणि त्या माणसाच्या पाया पडावं असं मला मनापासून वाटलं. त्यांच्या दोन गाड्यांचा धंदा माझ्या डोळ्यांदेखत गुरांच्या पोटात चालला होता. मी हात देऊन फिरलो होतो, आणि त्यांनी मला वाचवलं होतं.

पलीकडची गुरं परत निघाली. वडील शेवटच्या गाईला बांबूपलीकडं घालून, कमरेवर हात ठेवून उभे होते. दम लागला होता. आप्पा त्यांच्याकडं गेले. आत्तापर्यंत त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की हे साहेबांचे वडील.

"बाबा," आप्पा डोळे पुसत म्हणाले, "तुम्ही नसता तर आज माझ्या लेकीची दावण रिकामी झाली असती. हे घ्या. न्हाई म्हणू नका. दोन दिवसांची मेहनत हाय तुमची."

त्यांनी कोपरीच्या खिशातून दोन नोटा आणि काही नाणी काढली. वडिलांनी दोन्ही तळवे जोडून पुढं केले. आप्पांचा हात आला, वडिलांच्या तळव्यांच्या वर वीतभर थांबला, आणि त्यांनी पैसे सोडले. नाणी तळव्यात पडली. एक नोट वाऱ्यानं उडून धुळीत गेली.

तोच हात होता. ऊबदार, मऊ. दोन दिवसांपूर्वी त्यानं माझी तीन बोटं धरली होती.

"आप्पा," मी पिंपावरून उठलो. "हातात द्या."

आप्पांनी दचकून माझ्याकडं पाहिलं. मग वडिलांच्या तळव्यांकडं पाहिलं, परत माझ्याकडं. मी काय म्हणतोय ते त्यांना खरंच कळलं नव्हतं. डोळ्यांत अजून लेकीसाठी आलेलं पाणी होतं.

"हातातच दिले की, साहेब," ते म्हणाले. "कमी हाईत का?"

"न्हाई, न्हाई, बराबर हाईत आप्पा," वडील घाईघाईनं म्हणाले, आणि धुळीतली नोट उचलायला खाली वाकले.